जमीन वाजवून पाहणारे जनरल

आई बाजारात मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहते. जनरल पिट-रिव्हर्स यांच्याविषयी वाचताना मला तेच आठवले.

१८२७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे गृहस्थ पेशाने लष्करी अधिकारी. नव्या रायफली तपासता तपासता, एकच वस्तू हळूहळू कशी बदलत जाते हे पाहण्याचा त्यांना छंद जडला. १८८० मध्ये क्रॅनबोर्न चेसची मोठी जहागीर वारशाने आली आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथल्या मातीत घातले.

हँडली टेकडीवर गवताखेरीज काही दिसत नव्हते. त्यांनी कुदळीच्या बोथट बाजूने जमीन ठोकत नेली. घट्ट खडूच्या खडकावर आवाज वेगळा. जुना खंदक बुजला होता तिथे तो खोल, घुमल्यासारखा. नुसत्या कानाने खंदकाची रेघ सापडली! जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजण्याची रीत अ‍ॅटकिन्सन यांनी डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स येथे वापरली ती १९४६ मध्ये.

जवळच वॉर बॅरो हे नवाश्मयुगीन दफनाचे लांबट टेकाड होते. १८९३-९४ मध्ये ते मात्र त्यांनी सबंध उपसले. खाली सहा जणांचे अवशेष मिळाले, बारीकसारीक नोंदी झाल्या; पण टेकाड गेले ते गेलेच. नोंदी आहेत म्हणूनच आज आपण बोलतो, असे आमचे सर म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

१९०० मध्ये ते वारले. त्यांची शिस्त पुढे व्हीलर यांनी उचलली, आणि व्हीलर यांच्या हाताखाली उत्खनन शिकलेले सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले.