ग्रे वॉल्टर यांची कासवे

द्वितीय वर्ष कला (मानसशास्त्र)

मी मानसशास्त्र विषय घेतला तेव्हा तो कशाशी खातात हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. दहावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिलीच. वडील मिरकरवाडा बंदरावर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, आई मासळी विकते. मनाचा अभ्यास करते असे मी सांगितले तेव्हा आमच्या आत्याने लगेच विचारले की, मग माझ्या मनात आता काय आहे ते सांग बघू! तेव्हापासून घरी मी विषयाचे नाव फारसे काढत नाही.

यंदा सर मेंदूतील विद्युत्‌लहरी शिकवत होते. शिकवता शिकवता ते सहज म्हणून गेले की, या लहरींवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने विजेवर चालणारी कासवे केली होती आणि भूक लागली की ती आपली आपण घरी जात. एवढ्यात घंटा झाली आणि कासवे तिथेच राहिली. मला मात्र चैन पडेना. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात गेले, मग दुसऱ्या दिवशीही गेले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहे.

या शास्त्रज्ञाचे नाव विल्यम ग्रे वॉल्टर. त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे झाला. आई-वडील दोघेही पत्रकार. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये, हे कुटुंब इंग्लंडला आले आणि वॉल्टर पुढे तिथलेच झाले. वेस्टमिन्स्टर शाळा आणि मग केंब्रिजचे किंग्ज कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. केंब्रिजमध्येच राहून संशोधन करण्याची त्यांची इच्छा होती, पण तिथली फेलोशिप त्यांना मिळाली नाही. एवढा मोठा माणूस आणि त्यालाही नकार आला, हे वाचून मला उगीचच बरे वाटले.

केंब्रिज सुटले म्हणून ते लंडनच्या रुग्णालयांत आले. त्या सुमारास जर्मनीचे हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतील विजेचा आलेख काढून दाखवला होता. आपण त्याला ई.ई.जी. म्हणतो. १९३६ साली वॉल्टर यांच्या लक्षात आले की, मेंदूत गाठ असेल तर त्या गाठीच्या आसपासच्या भागातून फार संथ लहरी येतात. त्यांना त्यांनी डेल्टा लहरी म्हटले. कवटी न उघडता गाठ कुठे आहे ते सांगता येऊ लागले. १९३९ साली ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि पुढची तीस वर्षे तिथेच राहिले.

महायुद्धाच्या काळात केंब्रिजचे तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक त्यांच्याकडे येत. आपले लक्ष्य आपणच शोधणाऱ्या अस्त्रांचा त्या वेळी विचार चालला होता, आणि यंत्राला असा हेतू असू शकतो का, यावर दोघांचे बोलणे होई. १९४५ साली क्रेक सायकलवरून जाताना अपघातात गेले, अवघ्या ३१ व्या वर्षी. वॉल्टर यांच्या डोक्यात तो विषय मात्र राहिला.

१९४८-४९ मध्ये त्यांनी दोन यंत्रे केली. एकाचे नाव एल्मर, दुसरीचे एल्सी. जुन्या घड्याळांची चाके, युद्धातून उरलेले सुटे भाग असे मिळेल ते वापरून. तीन चाके, दोन मोटारी, दोन व्हॉल्व्ह, एक बॅटरी आणि वरून कासवासारखी पाठ. पुढच्या चाकाच्या दांड्यावर प्रकाश ओळखणारा एकच डोळा. चाक वळेल तिकडे डोळा वळे. अंधार असेल तर चाक सारखे वळत राही, आणि कासव गिरक्या घेत खोलीभर हिंडे. मध्यम उजेड दिसला की वळणे थांबे आणि ते सरळ उजेडाकडे निघे. फार जवळ जाऊन उजेड प्रखर झाला की तोंड फिरवून दूर पळे. पाठ कशाला आपटली तर धक्के देत, वळत वाट काढी. दोन व्हॉल्व्ह म्हणजे जणू मेंदूतल्या दोन पेशी, असा वॉल्टर यांचा हिशोब होता. पेशी फक्त दोन, पण त्यांची एकमेकींशी जोडणी निरनिराळ्या तऱ्हांनी होते, म्हणून वागणे इतके भरगच्च दिसते, असे त्यांचे म्हणणे.

आता त्या घरी जाण्याविषयी. कासवांसाठी एक खोपटे केले होते. त्यात प्रखर दिवा लावलेला आणि बॅटरी भरण्याची सोय. बॅटरी भरलेली असताना कासव या दिव्याजवळ येई, पण उजेड सोसेना म्हणून मागे फिरे. बॅटरी उतरत आली की व्हॉल्व्हची ताकद मंदावे, आणि तोच दिवा त्या डोळ्याला मध्यम वाटू लागे. मग कासव मागे न फिरता थेट खोपट्यात शिरे. आत गेल्यावर विजेचे टोक टोकाला लागे, मोटारी बंद पडत आणि बॅटरी भरू लागे. पुरेशी भरली की पुन्हा तोच दिवा नकोसा होई, आणि स्वारी बाहेर!

ही जागा मी तीनदा वाचली. घरी जा असे सांगणारा एकही तुकडा त्या यंत्रात नाही. भूक मोजणारा काटा नाही. दिवा तोच, वाट तीच. फक्त आतली वीज कमी झाली, आणि ज्याच्यापासून पळायचे त्याच्याकडेच जाणे आले.

इथे मला एक घरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळ आले, तेव्हा मी आठवीत होते. वडिलांची बोट बाहेर होती. ते परत आले ते दोन रात्री झोपलेच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी आईसमोर त्यांनी सांगितले की आता बोटीवर पाय ठेवणार नाही, बागेत मजुरी करीन. मला इतका आनंद झाला की मी शाळेत मैत्रिणींना सांगून टाकले. तीन आठवड्यांनी घरातले पैसे संपले. मालकाची उचल फिटायची होती. एके दिवशी पहाटे उठून पाहते तो वडील गेलेले. ते परत आल्यावर मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. शब्द मोडला म्हणून मला ते घाबरट वाटले होते, किंवा लबाड. नक्की काय ते आता आठवत नाही.

एल्सीबद्दल वाचताना मला ते तीन आठवडे आठवले. समुद्र तोच होता. वडीलही तेच होते.

तरीही वॉल्टर यांचे सगळेच मला पटत नाही. त्यांच्या कासवाच्या तोंडावर एक छोटा दिवा होता. डोळ्याला उजेड सापडला की तो विझे. आरशासमोर कासवाला आपलाच दिवा दिसे, म्हणून तो विझे, विझला म्हणून दिसेनासा होई, मग पुन्हा लागे. अशी उघडझाप करीत ते आरशापुढे नाचल्यासारखे करी. एखाद्या प्राण्याने असे केले असते तर त्याला स्वतःची ओळख आहे असे आपण म्हटले असते, असे वॉल्टर यांनी लिहून ठेवले आहे. तसे म्हणतीलही. पण खोपट्यात शिरताना एल्सीला भीती वाटत नव्हती. त्या पहाटे वडिलांना वाटत होती, आणि ती वाटत असताना ते गेले. हा फरक दोन व्हॉल्व्हमध्ये कुठे बसवायचा?

कासवे फार गाजली. सुधारलेली आणखी सहा कासवे बनली, आणि त्यांपैकी तीन १९५१ साली फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये लोकांनी पाहिली. १९५३ साली वॉल्टर यांचे ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे पुस्तक आले. पत्नी व्हिव्हियन डोव्हे याही मेंदूलहरींच्या संशोधनात त्यांच्या सहकारी होत्या. १९६४ मध्ये वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक लहर शोधली. एक खूण मिळाली आणि आता दुसरी येणार म्हणून माणूस वाट पाहत असला की, त्या मधल्या क्षणात मेंदूत ती उमटते. वाट पाहणेसुद्धा आलेखावर दिसते! बोट यायला उशीर झाला की आमची आई धक्क्यावर उभी असते, तिच्या डोक्याला तारा लावल्या तर कागद पुरणार नाही.

१९७० साली वॉल्टर यांना स्कूटरचा अपघात झाला आणि मेंदूला जबर इजा झाली. ज्या अवयवाचा आयुष्यभर अभ्यास केला त्यालाच मार बसला. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. ६ मे १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुस्तक ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे रॉडनी ब्रुक्स नावाच्या मुलाने वाचले आणि तसेच कासव स्वतः करून पाहिले. हे ब्रुक्स पुढे अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक झाले. त्यांनी इतरांबरोबर काढलेल्या कंपनीने २००२ साली घर झाडणारे रूम्बा हे यंत्र बाजारात आणले. २००४ पासूनची त्याची काही यंत्रे झाडून दमली की आपणहून चार्जिंगच्या जागी जाऊन बसू लागली. एल्सीचे एक भावंड आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेले आहे.

मागच्या शनिवारी घरी गेले तेव्हा मी हे सगळे वडिलांना सांगितले. क्यारचे तेवढे सोडून. ते अंगणात जाळे सांधत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. डिझेल किती उरले म्हणजे बोट फिरवायची हे तांडेलाला कळावेच लागते, तसेच हे, असे ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले की, वीज वाटेतच संपली तर त्या कासवाला ओढून कोण आणायचे? मी म्हटले, वॉल्टर उचलून आणत असतील. त्यांनी मान हलवली आणि जाळ्याचे दुसरे टोक मला धरायला सांगितले.