इसाबेलबाईंची उलटतपासणी

डिटेक्टिव्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? लंडनचा शेरलॉक होम्स, नाहीतर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड. मला मात्र कॅनडात आल्यावर एक वेगळीच डिटेक्टिव्ह सापडली. टोरांटोची, पन्नाशीला आलेली एक लेखिका. पोलिसांत नाही, वकील नाही, हातात कसलाही अधिकार नाही. नाव इसाबेल लबूर्दे. मी त्यांना मनातल्या मनात इसाबेलबाईच म्हणतो.

त्यांचा जन्म १९०९ चा, टोरांटोतल्या एका वकिलाच्या घरात. माहेरचं आडनाव एरिक्सन-ब्राउन. धाकटी बहीण ग्वेथलिन ग्रॅहम पुढे मोठी कादंबरीकार झाली, दोनदा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळवला. इसाबेलबाईंचे पती डी. एम. लबूर्दे हेही लेखकच. म्हणजे कायदा आणि लेखणी दोन्ही घरातलेच! स्वतः बाई मासिकांसाठी लेख लिहीत. पन्नास वर्षांच्या होईपर्यंत त्यांचं नाव फार लोकांना माहीतही नव्हतं. मग १९५९ साल उजाडलं.

किचनरहून आठ नंबरच्या हायवेनं लेक ह्यूरॉनकडे निघालो की स्ट्रॅटफर्डनंतर क्लिंटन नावाचं छोटं गाव लागतं. ऑन्टारिओतली आपली बरीच मंडळी उन्हाळ्यात गॉडरिचच्या बीचवर जाताना याच गावातून जातात. तेव्हा तिथं कॅनडाच्या हवाई दलाचा तळ आणि रडार शाळा होती. ९ जून १९५९ च्या संध्याकाळी तळावरच्या एका अधिकाऱ्याची १२ वर्षांची मुलगी लिन हार्पर बेपत्ता झाली. दोन दिवसांनी जवळच्या झाडीत तिचा मृतदेह सापडला. तिच्यावर अत्याचार करून गळा आवळला होता. त्या संध्याकाळी तिला सायकलवर बसवून हायवेपर्यंत सोडणारा तिचा वर्गमित्र म्हणजे १४ वर्षांचा स्टीव्हन ट्रसकॉट. त्याचं म्हणणं असं की लिनला हायवेवर सोडून आपण पुलापाशी परतलो, वळून पाहिलं तर ती एका गाडीत बसताना दिसली. पोलिसांना ते पटलं नाही. देह सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला ताब्यात घेतलं आणि १३ जूनच्या पहाटे खुनाचा आरोप ठेवला.

आता पुढचा वेग बघा. पोराला प्रौढ गुन्हेगारासारखं उभं करून गॉडरिचच्या कोर्टात सप्टेंबरमध्ये खटला चालला आणि ३० सप्टेंबरला ज्युरीनं दोषी ठरवलं, दया दाखवावी अशी शिफारस करून. कायद्यात खुनाला एकच शिक्षा होती. ८ डिसेंबरला फाशी! गुन्ह्यापासून निकालापर्यंत चार महिनेसुद्धा लागले नाहीत. 'तारीख पे तारीख' ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे किती कार्यक्षम वाटेल! मलाही सुरुवातीला हा देश तसाच वाटे, सगळं सुरळीत, सगळं वेळेवर. म्हणूनच ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली.

फाशी लांबली आणि जानेवारी १९६० मध्ये केंद्र सरकारनं ती जन्मठेपेत बदलली. अपिलं फेटाळली गेली. बहुतेकांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. टोरांटोचे प्रसिद्ध पत्रकार पिअर बर्टन यांनी फाशीच्या शिक्षेविरुद्ध एक कविता लिहिली होती, तेव्हा त्यांच्यावर लोक चवताळून उठले होते. अशा वातावरणात इसाबेलबाईंनी खटल्याची फाइल उघडली.

त्यांनी काय केलं? खटल्याचा शब्दन्‌शब्द टाइप केलेला वृत्तांत मिळवला आणि वाचला. मग पुन्हा वाचला. क्लिंटनला गेल्या, रस्ता, पूल, झाडी पाहिली, माणसांना भेटल्या, स्टीव्हनच्या आईवडिलांशी बोलल्या. माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला हे काम लगेच ओळखू येतं. सिस्टिम मध्यरात्री कोसळली की सगळे आपापला अंदाज मोठ्या आवाजात सांगत असतात. तेव्हा एक जण कोपऱ्यात बसून लॉग फाइल वाचतो, कुठल्या ओळीवर किती वाजले होते ते मांडतो. बाईंनी नेमकं तेच केलं.

आणि सगळा खटला वेळेवरच तर उभा होता. पॅथॉलॉजिस्ट डॉ. पेनिस्टन यांनी लिनच्या पोटातल्या अन्नावरून मृत्यूची वेळ संध्याकाळी पावणेआठच्या आतली ठरवली होती. स्टीव्हन आठच्या सुमाराला शाळेच्या मैदानावर परत आलेला अनेकांनी पाहिला होता. वेळ जरा पुढे सरकली असती, तर त्याच्याविरुद्धची केस कोसळली असती. पोटातल्या अन्नावरून इतकी काटेकोर वेळ सांगता येते का? दोघांना पूल ओलांडताना पाहिलं म्हणणाऱ्या मुलांवर अविश्वास आणि विरुद्ध सांगणाऱ्या मुलांवर विश्वास, तो का? दोन दिवसांत एकाच मुलावर बोट ठेवल्यावर पोलिसांनी दुसरीकडे कितीसं पाहिलं? हे प्रश्न बाईंनी एकेक करून मांडले.

या कामात त्यांची सुमारे सहा वर्षं गेली. मार्च १९६६ मध्ये 'द ट्रायल ऑफ स्टीव्हन ट्रसकॉट' हे पुस्तक बाहेर पडलं, कॅनडात आणि लंडनमध्येही. एकच खळबळ उडाली. संसदेत प्रश्न विचारले गेले आणि एप्रिलमध्ये पिअरसन सरकारनं प्रकरण सुप्रीम कोर्टाकडे पाठवलं. कॅम्प्स आणि सिम्पसन हे ब्रिटनचे दोन नामांकित पॅथॉलॉजिस्ट एकमेकांविरुद्ध साक्षीला आले. मूळ खटल्यात गप्प राहिलेला स्टीव्हन, आता २१ वर्षांचा, पहिल्यांदाच कोर्टात बोलला. त्याला बरंच काही आठवेना. मे १९६७ मध्ये निकाल लागला. आठ न्यायमूर्ती विरुद्ध, एकटे एमेट हॉल नव्या खटल्याच्या बाजूनं. आठ विरुद्ध एक!

विचार करा, त्या दिवशी बाईंना काय वाटलं असेल? सहा वर्षांच्या मेहनतीवर देशातल्या सर्वोच्च कोर्टानं फुली मारली. पोर तुरुंगातच राहिलं.

पण पडद्यामागे एक गोष्ट घडली होती. पुस्तक आल्यावर दोनच महिन्यांत, मे १९६६ मध्ये, डॉ. पेनिस्टन यांनी आपल्याच निष्कर्षाचा फेरविचार लिहून काढला होता. मृत्यू त्या वेळेच्या नंतरही झालेला असू शकतो, असा त्याचा आशय. हा कागद बचाव पक्षाला दाखवलाच गेला नाही. तो तसाच सरकारी फायलींत पडून राहिला.

स्टीव्हन १९६९ मध्ये पॅरोलवर सुटला आणि ग्वेल्फमध्ये वेगळ्या नावानं राहिला. लग्न केलं, मुलं वाढवली. २००० मध्ये सीबीसीच्या 'द फिफ्थ इस्टेट'नं प्रकरण पुन्हा पडद्यावर आणलं आणि पुढच्याच वर्षी वकिलांनी सरकारकडे अर्ज केला. चाकं पुन्हा हळूहळू फिरू लागली. इसाबेलबाई मात्र २००३ मध्ये गेल्या, वयाच्या नव्वदीनंतर. चार वर्षांनी, २८ ऑगस्ट २००७ ला, ऑन्टारिओच्या अपील कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं शिक्षा रद्द करून स्टीव्हनला निर्दोष सोडलं. मृत्यूच्या वेळेचा तो काटेकोर दाखला आता टिकणारा नव्हता, आणि पेनिस्टन यांचा तो जुना कागदही कोर्टापुढे होता. पुढच्या वर्षी त्याला ६५ लाख डॉलर भरपाई मिळाली. चौदा वर्षांचं पोर तोवर साठी पार करून गेलं होतं.

इथे एक सांगायलाच हवं. कोर्टानं न्याय चुकला असं म्हटलं, पण स्टीव्हनचं निरपराधित्व सिद्ध झालं असं म्हटलेलं नाही. इतक्या वर्षांनंतर ते सिद्ध करायला पुरावाच उरला नव्हता. आणि लिनला कोणी मारलं, हे आजही ठरलेलं नाही. पहिल्या चार महिन्यांतल्या घाईची किंमत त्या घरानंही मोजली.

बाईंचं पुस्तक आलं तेव्हा अशा कामाला इथे संस्था नव्हती, वाटही नव्हती. नंतर स्वयंसेवी वकिलांची संघटना उभी राहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये चुकीच्या शिक्षांची फेरतपासणी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाचा कायदाही झाला. त्याला नाव दिलंय डेव्हिड मिलगार्ड आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारी त्याची आई जॉइस यांचं. पुन्हा एक बाईच!

आपण या देशात व्यवस्थेवर विश्वास ठेवून आलो आणि तो बहुतेक वेळा सार्थही ठरतो. पण तो सार्थ ठरावा म्हणून कुणीतरी जुने कागद पुन्हा वाचावे लागतात, बाकीचे कंटाळले तरी. इसाबेलबाईंचं पुस्तक जुन्या आवृत्तीत एखाद्या लायब्ररीत सापडलं तर जरूर वाचा. आणि गॉडरिचला जाताना क्लिंटन लागलं की मुलांना ही गोष्ट सांगा.