गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर

रामनामास स्वरांची जोड देऊन ते लोकांच्या मुखी रुजविणाऱ्या पलुसकर बुवांचे पुण्यस्मरण आम्ही येथे करीत आहोत.

बुवांचा जन्म दि. १८ ऑगस्ट १८७२ रोजी, श्रावणी पौर्णिमेस, कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याने डोळ्यांस इजा होऊन दृष्टी अधू झाली व शालेय शिक्षण सुटले. तेव्हा मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांचे गायनाचे शिक्षण सुरू झाले. सुमारे नऊ वर्षे गुरुसेवा व अखंड मेहनत करून त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची विद्या संपादन केली.

त्या काळी गायकास दरबारी दाद मिळे, परंतु समाजात मान नसे. आपल्या गुरूंसही तो मिळत नाही, ही व्यथा उरी धरून बुवांनी १८९६ मध्ये मिरज सोडली. दि. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय सुरू झाले. पुढे कर्जापायी तेथील वास्तू लिलावात गेली. तो आघात सोसून नाशिक येथील रामनाम आधाराश्रमात बुवांनी उत्तरायुष्य रामभजनास वाहिले. दि. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला.

पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास आदी शिष्यांनी ही परंपरा पुढे चालविली. आज घरोघरी मुले-मुली निःसंकोचपणे गायन शिकतात, त्यामागे बुवांचे कष्ट आहेत. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.