गदिमा : मॅट्रिक नापास मुलाची गाणी

१ ऑक्टोबरला गदिमांची जयंती असते. परिपाठात मुलांना सांगता येईल अशी त्यांची ही ओळख.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १९१९ साली शेटफळे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. वडील औंध संस्थानात कारकून, घरची परिस्थिती बेताची. आईच्या तोंडच्या ओव्या, गावातली भजनं कानावर पडत मुलगा मोठा झाला. भाषा उत्तम, पण गणितानं घात केला आणि गजानन मॅट्रिकला नापास झाला.

पोटासाठी तो कोल्हापूरला गेला. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात त्याला छोटंसं काम मिळालं. काही काळ तो वि. स. खांडेकरांचा लेखनिक होता. खांडेकर सांगायचे, हा उतरवून घ्यायचा. माझ्या मते हीच त्याची खरी शाळा!

पुढे पुणे ही गदिमांची कर्मभूमी झाली. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. दर आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण ५६ गीतं. संगीत सुधीर फडके यांचं.

मग आलं साठचं दशक. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधली 'बुगडी' अजून लोकांच्या ओठांवर होती. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा चित्रपट १३१ आठवडे चालला. १९६० च्या 'जगाच्या पाठीवर' ची कथाही त्यांची आणि गाणीही त्यांचीच. १९६१ च्या 'प्रपंच' मध्ये कुंभाराचं कुटुंब आहे, म्हणून त्यातल्या गाण्यात विठ्ठलच कुंभार झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर 'छोटा जवान' साठी त्यांनी समरगीत लिहिलं. लावणी, अभंग, समरगीत – सगळं एकाच लेखणीतून! शब्द मात्र साधे, शेतकऱ्यालाही कळतील आणि पहिलीच्या मुलालाही. 'नाच रे मोरा' आजही आपल्या वर्गात चालतंच ना?

१९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट सांगताना एक काळजी घ्यावी. नापास होणारा प्रत्येक मुलगा गदिमा होत नाही आणि गणितही यायलाच हवं. पण गुणपत्रिकेत त्या मुलाच्या ओव्या, त्याचे शब्द यांना रकाना नव्हता. कोल्हापुरात कोणीतरी त्याच्या हाती लेखणी दिली, म्हणून ते दिसलं. आपल्या वर्गात मागच्या बाकावर गणितात अडलेला जो मुलगा आहे, त्याला काय येतं हे आपण कधी विचारलंय का? निकालाच्या दिवशी पालकांशी बोलताना तेही सांगूया.