नॉर्बर्ट वीनर : यंत्राला सुकाणू देणारा माणूस

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीत सकाळ होते ती मागांच्या खडखडाटाने, आणि रात्र त्याच आवाजात झोपी जाते. आबा तीस वर्षे मागावर आहेत. आई कांड्या भरायची. ‘भरायची’ असे लिहिताना हात अडखळतो. गेल्या वर्षी मालकांनी साधे माग भंगारात काढले आणि बिनधोट्याचे ऑटोलूम आणले. धोटा नाही तेथे कांडी नाही. आईचे काम त्याच आठवड्यात संपले. आबांना दुसरीकडे साध्या मागावर काम मिळाले, पण पाळी रात्रीची आणि मजुरी कमी. मी शिक्षण सोडावे की काय, असा विषय त्या दिवसांत घरात दोन-तीनदा निघाला.

त्याच सुमारास वार्षिकासाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे सरांनी सुचविले. ‘सायबर’ हा शब्द आला कोठून, एवढे शोधण्यासाठी मी ग्रंथालयात गेले आणि कोशाच्या आधाराने रोज थोडे थोडे इंग्रजी वाचीत नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञापर्यंत पोहोचले. लहान तोंडी मोठा घास घेते आहे हे मला ठाऊक आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील कोलंबिया या गावी झाला. त्यांचे वडील लिओ हे रशियन साम्राज्यातील बिआलिस्तोक या गावचे. तरुणपणी ते अमेरिकेत आले, फेरीवाल्याचे काम केले, शेतावर राबले, आणि स्वतःच्या बळावर हार्वर्ड विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक झाले. मुलाला त्यांनी घरीच शिकविले. चूक झाली की आवाज चढे, आणि धडा बहुधा मुलाच्या रडण्यात संपे. आठव्या वर्षी डोळे इतके अधू झाले की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. तेव्हा मुलगा ऐकून ऐकून आणि मनातल्या मनात गणिते सोडवू लागला.

अकराव्या वर्षी कॉलेज, चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट! मी एकोणिसाव्या वर्षी बी. ए. च्या दुसऱ्या वर्गात आहे, म्हणून हे वाचून प्रथम माझा धीरच खचला. पण पुढचे वाचल्यावर मत बदलले. मुलगा सामान्यच आहे, हे सारे माझ्या शिकवणीचे फळ, असे लिओ यांनी जाहीरपणे मांडले होते. नॉर्बर्टने ते वाचले आणि ते शल्य आयुष्यभर त्यांच्या मनात राहिले. यश आले तर वडिलांचे, अपयश आले तर स्वतःचे, असा तो हिशेब होता. आमच्या आबांना माझ्या वहीतले अक्षर लागत नाही. जेवलीस का, एवढेच ते विचारतात. त्या प्रश्नाचे मोल मला वीनर वाचल्यावर कळले.

डॉक्टरेटनंतर त्यांनी केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याजवळ आणि गटिंगेनला अध्ययन केले. पण स्थिर नोकरी लवकर मिळाली नाही. मध्यंतरी ते बोस्टनमधल्या एका दैनिकात बातमीदार होते. तेथे असताना त्यांनी लॉरेन्स या कापडगिरण्यांच्या गावी जाऊन गिरणी कामगारांच्या हलाखीवर लेखन केले. पुढे एका पुढाऱ्याची भलामण लिहायला ते राजी झाले नाहीत आणि नोकरी गेली. गणिताचा एवढा मोठा पंडित एकेकाळी मागवाल्यांच्या वस्तीत हिंडला होता, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तशीच बसले.

१९१९ साली ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एम. आय. टी. त शिकवू लागले आणि १९६० साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात ज्यूलियन बिगेलो या इंजिनिअरसह त्यांनी विमानविरोधी तोफेचा प्रश्न हाती घेतला. विमान वेगाने जाते. गोळा वर पोहोचेपर्यंत ते कोठे असेल याचा आधीच अंदाज हवा. शिवाय वैमानिकही चुकवीत असतो. म्हणजे यंत्राने पाहावे, अंदाज बांधावा, चूक किती झाली ते मोजावे आणि त्याप्रमाणे पुढचा नेम सुधारावा. त्यांचे हे यंत्र रणांगणावर गेले नाही, पण त्यातून एक विचार हाती लागला. केलेल्या कामाची खबर परत येते आणि ती पुढचे काम सुधारते. यालाच फीडबॅक म्हणतात. मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोसेनब्लूथ यांच्या सहवासात त्यांना दिसले की माणूस हात लांबवून पेला उचलतो तेव्हाही हेच घडते. १९४८ साली त्यांनी ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ लिहिला. सुकाणू धरणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव घेतले. आज सायबर कॅफे, सायबर गुन्हे, सायबर सुरक्षा असे शब्द आपल्या तोंडी रुळले आहेत, त्यांचे मूळ या सुकाण्वात आहे.

हे मला पटकन समजले, कारण ते मी पाहिले आहे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर आबांच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. नाही दिसला तर कापडात दोष आणि मजुरीत कपात. ऑटोलूमवर धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि दिवा लागतो. आबांच्या तीस वर्षांच्या नजरेचे काम आता धाग्यावर लटकणारी पोलादी पट्टी करते.

याच काळात एम. आय. टी. च्या परिसरात आणखी एक गोष्ट घडत होती. वीनर यांच्या आठवड्याच्या चर्चांना जाणारे लिकलायडर यांनी १९६० साली माणूस आणि संगणक यांच्या सहजीवनावर निबंध लिहिला. माणसाने विचारावे आणि यंत्राने तत्काळ उत्तर द्यावे, ही आज मोबाईलमुळे अंगवळणी पडलेली गोष्ट तेव्हा स्वप्नवत होती. तेथल्याच खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांच्या मंडळातली मुले रात्ररात्र संगणकाशी खेळत. ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्या बोलीतून पसरला. तेव्हा त्याचा अर्थ चोर असा नव्हता. यंत्र उघडून पाहणारा, कळलेले सर्वांना वाटणारा, असा होता. ज्ञान कुलुपात ठेवू नये हे वीनर यांचेही मत होते. लष्करी गुप्ततेचा त्यांना तिटकारा होता.

तरीही एकदा त्यांनी स्वतःचे ज्ञान अडवून धरले. हिरोशिमानंतर त्यांचे मन बदलले. एका विमान कंपनीतील संशोधकाने क्षेपणास्त्रांच्या कामासाठी त्यांचा जुना अहवाल मागितला. वीनर यांनी नकार दिला आणि जानेवारी १९४७ मध्ये तो नकार मासिकात छापला. पुढे एका मोठ्या उद्योगाने स्वयंचलित कारखान्याबाबत सल्ला मागितला, तेव्हा ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहून सावध केले. असे कारखाने येणार, बेकारी येणार, कामगारांनी आधीच विचार करावा, असा त्याचा आशय होता. बोलण्याची मुभा नसलेल्या गुलामासारखे हे यंत्र आहे, आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्याला गुलामाच्याच अटी मान्य कराव्या लागतील, असे ते बजावीत. त्यांना वाटली होती तेवढी मोठी बेकारी त्या काळी अमेरिकेत आली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्याचे काम जाते त्याला देशाच्या सरासरीने समाधान होत नाही.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. १९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. मुंबईत जन्मलेले गणितज्ञ पेसी मसानी यांनी त्यांच्याबरोबर संशोधन केले आणि पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. मँचेस्टरच्या चाळींचे दुःख भारताने पुन्हा भोगू नये, कुशल तंत्रज्ञ घडवून थेट स्वयंचलित यंत्रांकडे जावे, असा विचार वीनर यांनी आत्मचरित्रात मांडला आहे. १९६४ च्या जानेवारीत त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्याच वर्षी १८ मार्चला स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

एका रविवारी आबांना मी ही सारी हकीकत सांगितली. रॉयथर यांना लिहिलेल्या पत्राची गोष्ट त्यांनी लक्ष देऊन ऐकली. पुढाऱ्याने उत्तर दिले का, असे त्यांनी विचारले. तारेने दिले आणि पुढे दोघे भेटले, असे मी सांगितले. आबा म्हणाले की त्या माणसाला नाही म्हणता आले, कारण त्याला पगार होता. आम्हाला कोणी विचारलेच नाही. मी गप्प बसले. त्यांचे बोलणे खोटे नव्हते.

हल्ली मी गल्लीतल्या बायाबापड्यांचे अर्ज मोबाईलवर भरून देते. परवा आईचाच एक अर्ज भरला. यंत्र विचारते, आपण उत्तर द्यायचे. धंद्याच्या यादीत कांडीवाली नव्हती. ‘इतर’ असे भरल्यावाचून पुढचे पान उघडेना. आईने विचारले, काय लिहिलेस? तेव्हा मला वीनर खरे समजले. खबर परत येते म्हणून यंत्र सुधारते, हे त्यांनी सिद्ध केले. ज्यांचे काम गेले त्यांची खबर परत नेणारा धागा मात्र कोणीतरी माणसानेच सांधावा लागतो. मी कॉलेज सोडलेले नाही. आबांनी सोडू दिले नाही. त्या अर्जाच्या शेवटी अभिप्रायाचा एक छोटा चौकोन होता. त्यात मी मराठीत लिहिले की माझी आई बावीस वर्षे कांड्या भरीत होती, आणि तेवढा शब्द आपल्या यादीत घालावा.