बाईनं धर्म शिकवायचा नाही, असा नियम होता. तरी तेरेसा चर्चच्या आचार्य झाल्या

तेरेसा म्हटलं की आपल्याला कोलकात्याच्या मदर तेरेसा आठवतात. पण ही गोष्ट त्यांच्या जवळपास 400 वर्षं आधीच्या तेरेसांची आहे.

स्पेनमधल्या आविला शहरात 28 मार्च 1515 ला त्यांचा जन्म झाला. घर सधन होतं, पण आजोबा मूळचे ज्यू. ख्रिस्ती झाल्यावरही गुपचूप जुना धर्म पाळल्याचा ठपका ठेवून इन्क्विझिशननं 1485 मध्ये त्यांना जाहीर प्रायश्चित्त करायला लावलं होतं. त्या काळात असा वंश म्हणजे कायमचा संशय.

विशीत तेरेसा कार्मेलाइट पंथाच्या मठात गेल्या. तिथं श्रीमंत घरच्या नन्सना वेगळी खोली, गरीब घरच्यांना नाही. तेरेसांना हे पटेना. 1562 मध्ये त्यांनी आविलातच छोटा, साधा मठ काढला. मग खेचरांच्या गाडीतून स्पेनभर फिरत त्यांनी एकूण 17 मठ उभे केले. जागा शोधणं, पैसा जमवणं, बिशपांची परवानगी मिळवणं, सगळं त्यांनीच पाहिलं.

साहजिकच विरोध झाला. बाई मठ सोडून फिरते आणि वर लोकांना शिकवते, हे पोपच्या राजदूतालाही खटकलं. त्यांच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित इन्क्विझिशनकडे गेलं. ते छापून आलं 1588 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर 6 वर्षांनी.

मृत्यूचीही एक गंमत आहे. त्या गेल्या 4 ऑक्टोबर 1582 च्या रात्री आणि दुसरा दिवस उजाडला 15 ऑक्टोबरचा. कारण त्याच रात्री स्पेनमध्ये नवं ग्रेगोरियन कॅलेंडर लागू झालं.

पण खरा विषय पुढे आहे.

तेरेसांना संतपद मिळावं म्हणून मोहीम सुरू होती. त्यांच्या सहकारी आना दे हेसूस तेव्हा ब्रुसेल्समध्ये होत्या. त्यांच्या पुढाकारानं 1613 मध्ये अँटवर्पला तेरेसांच्या आयुष्यावरची सुमारे 25 चित्रं छापली गेली. आद्रियान कोलार्ट आणि कॉर्नेलिस गाले यांनी ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली होती. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघायच्या आणि कागद कुठंही नेता यायचा. चित्राखालचा मजकूर लॅटिनमध्ये, पण चित्र अडाण्यालाही कळायचं. चित्रकारांनी पुढे त्यांचीच नक्कल केली.

आता या चित्रांत काय होतं? देवदूत तेरेसांच्या हृदयात बाण खुपसतोय, ख्रिस्त दर्शन देतोय. म्हणजे या बाईला अधिकार कोणा पुरुषानं नाही, थेट देवानं दिलाय. मग बोट कोण ठेवणार?

पण याची दुसरी बाजूही होती. सगळं देवानं दिलं म्हटल्यावर तेरेसांच्या बुद्धीचं श्रेय बाजूला राहिलं. आजोबांची शिक्षा, इन्क्विझिशनची चौकशी या गोष्टी तर चित्रांत आल्याच नाहीत.

मोहीम मात्र यशस्वी झाली. 12 मार्च 1622 ला तेरेसा संत झाल्या. त्याच दिवशी संतपद मिळालेले दुसरे एक जण म्हणजे फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव आज जुन्या गोव्यात आहे.

तरीही विरोध संपला नाही. 1627 मध्ये तेरेसांना संत सांतियागोंच्या बरोबरीनं स्पेनच्या संरक्षक संत केलं, तेव्हा सांतियागोंच्या भक्तांनी आकाशपाताळ एक केलं. 1630 मध्ये तो मान काढून घेतला गेला.

अखेर 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना चर्चच्या आचार्य म्हणून घोषित केलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि तो मिळाला त्यांच्या लिखाणातल्या शिकवणीसाठी. जे शिकवणं एकेकाळी गुन्हा वाटत होतं, त्याच्याचसाठी.