४० वर्षं कैदेत काढली, सुटल्यावर पहिलं जाहीर भाषण केलं ते चर्चमध्ये : अब्दुल-बहा यांची गोष्ट

तारीख १० सप्टेंबर १९११. ठिकाण लंडनमधलं सिटी टेंपल चर्च. रविवारची संध्याकाळची प्रार्थना सुरू होती आणि पुलपिटवर एक पाहुणा उभा राहिला. वय ६७, पांढरी दाढी, डोक्याला फेटा, अंगात लांब झगा. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तो फारसीत बोलला, तेही जेमतेम काही मिनिटं. नंतर भाषणाचा इंग्रजी तर्जुमा वाचून दाखवण्यात आला. गर्दीसमोर उभं राहून भाषण करायची ही त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

पहिलीच वेळ, कारण त्याआधीचं जवळपास सगळं आयुष्य हद्दपारीत आणि कैदेत गेलं होतं.

या पाहुण्याचं नाव होतं अब्बास एफेंदी. जग त्यांना ओळखतं ते अब्दुल-बहा या नावाने.

बहाई म्हटलं की आपल्याकडे आठवतं ते दिल्लीचं लोटस टेंपल. दिल्लीला ट्रिपला गेलेल्या बहुतेक कुटुंबांच्या अल्बममध्ये त्या पांढऱ्या कमळासमोरचा फोटो असतोच. ते बहाईंचं उपासना मंदिर. बहाई धर्म १९व्या शतकात इराणमध्ये सुरू झाला. त्याचे संस्थापक बहाउल्ला आणि अब्दुल-बहा हे त्यांचे थोरले चिरंजीव. देव एकच आहे, मोझेस, कृष्ण, बुद्ध, येशू, मोहम्मद हे सगळे त्याचेच दूत आहेत आणि सगळी माणसं एक आहेत, ही त्यातली मुख्य शिकवण.

इथपर्यंत कुणाचंच काही बिनसत नाही. खरी अडचण पुढे आहे. येशू पुन्हा येणार, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. बहाई म्हणतात, ते वचन बहाउल्लांच्या रूपाने पूर्ण झालं. म्हणजे चर्चच्या पुलपिटवर उभा असलेला हा पाहुणा यजमानाच्या श्रद्धेच्या मुळाशीच हात घालणारा दावा घेऊन आला होता. आणि तरीही यजमानाने त्याला हाताला धरून आत नेलं होतं. हे जमलं कसं, ते समजून घ्यायचं तर गोष्ट तेहरानपासून सुरू करावी लागेल.

आठ वर्षांचा मुलगा आणि काळकोठडी

अब्बास यांचा जन्म २३ मे १८४४चा. घराणं तेहरानचं खानदानी, वडील मिर्झा हुसेन अली मोठे जमीनदार. त्याच रात्री शिराझमध्ये 'बाब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने नव्या धर्माची घोषणा केली. मिर्झा हुसेन अली लवकरच बाबचे अनुयायी झाले. १८५० साली बाबला तबरीझमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. १८५२ मध्ये बाबच्या काही अनुयायांनी शहावर हल्ल्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि मग धरपकड सुरू झाली. मिर्झा हुसेन अली यांना 'सियाह-चाल' म्हणजे काळा खड्डा नावाच्या तळघरात साखळदंडांनी बांधून ठेवलं गेलं. घर लुटलं गेलं. अब्बास तेव्हा आठ वर्षांचा होता. घरात शिजवायला काही उरलं नव्हतं, तेव्हा आईने त्याच्या तळहातावर कोरडं पीठ ठेवलं आणि तेच त्याने खाल्लं.

१८५३च्या सुरुवातीला कुटुंबाला देशाबाहेर काढलं. भर हिवाळ्यात, डोंगरातून, बगदादपर्यंत. त्या प्रवासात अब्बासला हिमदंश झाला. बगदाद, मग इस्तंबूल, मग एदिर्ने आणि शेवटी ऑगस्ट १८६८ मध्ये ऑटोमन साम्राज्याने या सगळ्यांना पॅलेस्टाइनमधल्या अक्का या तटबंदीच्या शहरात आणून टाकलं. बगदादमध्येच वडिलांनी 'ज्याची वाट पाहिली जातेय तो मीच' अशी घोषणा केली होती. आता त्यांना बहाउल्ला म्हणत. पुढे त्यांनी थेट पोप नववे पायस यांनाही पत्र पाठवून आपला दावा कळवला.

अक्काच्या बराकीत सुरुवातीचे दिवस भयंकर होते. रोगराई पसरली. १८७० मध्ये धाकटा भाऊ मिर्झा मेहदी छतावर प्रार्थना करत फिरताना झरोक्यातून खाली पडला आणि गेला. पुढे पहारा सैल झाला. सरकारी माणसं, मुल्ला, पाद्री यांच्याशी बोलणं, आल्यागेल्याचं बघणं, गरिबांना मदत पोहोचवणं ही सगळी कामं अब्बास यांच्याकडे आली. लोकांमध्ये बसून ऐकून घेण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी. शाळेत ते फारसे गेलेच नव्हते.

आणि हो, याच काळात त्यांचं एक पुस्तक छापलं गेलं ते चक्क मुंबईत! इराणमध्ये काय सुधारणा व्हायला हव्यात, यावर १८७५ मध्ये त्यांनी फारसीत एक ग्रंथ लिहिला होता. १८८२ साली तो मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला. लेखकाचं नाव न टाकता.

खाडीपलीकडे येशूची वाट बघणारे

१८६८ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. बहाउल्ला अक्काला पोहोचले त्याच वर्षी, दोनेक महिन्यांनी, समोरच्या हैफा गावात जर्मनीहून एक ख्रिस्ती गट येऊन उतरला. त्यांना टेंपलर म्हणत. येशूचं पुनरागमन जवळ आलंय, तेव्हा पवित्र भूमीत जाऊन तयारी करायची, या विश्वासाने ही माणसं शेतीवाडी विकून आली होती. कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी दगडी घरं बांधली आणि काही दारांवर प्रभू जवळ आलाय अशा अर्थाची जर्मन वाक्यं कोरली.

एका खाडीच्या एका बाजूला येशू येणार म्हणून थांबलेले लोक आणि दुसऱ्या बाजूला तो येऊन कैदेत बसलाय असं मानणारे लोक. सिनेमात दाखवलं तर अतिरेक वाटेल, पण असं खरोखर घडलं.

१८९२ मध्ये बहाउल्ला गेले. मृत्युपत्रात त्यांनी अब्बास यांना वारस नेमलं. अब्बास यांनी स्वतःसाठी अब्दुल-बहा, म्हणजे बहाचा सेवक, हे नाव घेतलं. सावत्र भाऊ विरोधात गेला आणि त्याच्या तक्रारींमुळे १९०१ मध्ये पुन्हा पहारा कडक झाला.

दरम्यान अमेरिकेत एक गंमत झाली होती. १८९३ची शिकागोची सर्वधर्म परिषद आपल्याला विवेकानंदांमुळे माहीत आहे. त्याच परिषदेत सीरियात काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी हेन्री जेसप यांचा निबंध वाचला गेला. त्याच्या शेवटी त्यांनी नुकत्याच वारलेल्या एका इराणी साधुपुरुषाचा उल्लेख केला. ते होते बहाउल्ला. अमेरिकेत बहाउल्लांचं नाव जाहीर सभेत पहिल्यांदा घेतलं गेलं, असं मानतात ते तेव्हा. तेही एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या निबंधात.

जेवणाच्या टेबलावर त्रैक्य

१८९८च्या अखेरीस पाश्चात्त्य यात्रेकरूंचा पहिला गट अक्काला आला. बहुतेक जण ख्रिस्ती घरांत वाढलेले. मग ओघ सुरू झाला. त्यातली एक होती लॉरा क्लिफर्ड बार्नी, पॅरिसमध्ये राहणारी अमेरिकन तरुणी. १९०४ ते १९०६ या काळात ती अनेकदा अक्काला येऊन राहिली. अब्दुल-बहांना दिवसभर उसंत नसायची, मोकळा वेळ मिळायचा तो दुपारच्या जेवणाला. तेव्हा ती प्रश्न विचारायची, ते उत्तर द्यायचे आणि ते लिहून घेतलं जायचं. नंतर त्यांनी स्वतः तो मजकूर तपासला. १९०८ साली तो पुस्तकरूपात आला.

या पुस्तकाचा मोठा भाग येशूबद्दल आहे आणि ते वाचताना कळतं की ही नुसती गोडगोड चर्चा नव्हती. येशूचा जन्म कुमारी मातेपोटी झाला, हे अब्दुल-बहा मान्य करतात. येशू ईश्वराचा शब्द आहे, हेही. पीटरचा मानही ते राखतात. पण त्रैक्य? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावताना ते सूर्य आणि आरशाचं उदाहरण देतात. स्वच्छ आरशात सूर्य पूर्ण दिसतो, पण म्हणून सूर्य आकाशातून उतरून आरशात येत नाही. थोडक्यात, देव माणसाच्या देहात उतरला, हे त्यांना मान्य नाही. येशू तिसऱ्या दिवशी देहाने उठला, हेही ते शब्दशः घेत नाहीत. त्यांच्या मते येशू गेल्यावर शिष्य हबकून निष्प्राण झाले होते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागले, तेच पुनरुत्थान. आदमचं पाप पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं, हे त्यांना न्यायाला धरून वाटत नाही.

श्रद्धाळू ख्रिस्ती माणसासाठी यातली एकेक गोष्ट जड आहे. पुनरुत्थान प्रतीक ठरलं, तर चर्चच्या श्रद्धेचा पायाच हलतो. सांगण्यासारखं हे की अब्दुल-बहांनी मतभेद लपवले नाहीत आणि समोरच्याला मूर्खातही काढलं नाही.

दारं उघडली, पण सगळी नाही

१९०८ मध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली, राजकीय कैदी सुटले. त्यात अब्दुल-बहाही होते. पुढच्या वर्षी त्यांनी बाबचे अवशेष कार्मेल डोंगरावर, टेंपलरांच्या वस्तीच्या वरच्या अंगाला, दफन केले. मग तब्येत खालावलेली असताना ते इजिप्तला आणि तिथून युरोपला निघाले.

सिटी टेंपलचे पाद्री होते आर. जे. कॅम्पबेल. एका आठवड्याने, १७ सप्टेंबरला, वेस्टमिन्स्टरच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये आर्चडीकन विल्बरफोर्स यांनी त्यांना बोलावलं. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्स यांचे हे नातू. त्यांनी पाहुण्यासाठी बिशपची खुर्ची मांडली, भाषणाचा तर्जुमा स्वतः वाचला आणि शेवटी आशीर्वाद द्यायलाही अब्दुल-बहांनाच सांगितलं.

अब्दुल-बहांचं कौतुक सगळे करतात, पण धोका यजमानांनीही पत्करला होता. कॅम्पबेल यांच्यावर त्यांच्या उदार मतांमुळे आधीच टीका होत होती. इराणमध्ये काम केलेले मिशनरी पीटर ईस्टन यांनी तर १९११ मध्येच बहाईंपासून सावध राहा, असा लेख लिहिला. त्याला बहाई विद्वान मिर्झा अबुल-फझल यांनी सविस्तर लेखी उत्तर दिलं. ईस्टन यांच्यासारख्यांचा आक्षेप अगदीच वावगा नव्हता. जो येशूच्या जागी नवा अवतार सांगतो, त्याला पुलपिट का द्यायचं, असा तो प्रश्न होता. अब्दुल-बहा चर्चमध्ये बोलायचे ते मुख्यतः मानवी ऐक्य आणि शांततेवर. त्रैक्यासारखे अवघड मुद्दे तपशिलात यायचे ते जेवणाच्या टेबलावर. टीकाकारांना ही चलाखी वाटली. पण पहिल्यांदा घरात आलेला पाहुणा उंबऱ्यातच वाद घालत नाही, असंही याकडे बघता येतं.

११ एप्रिल १९१२ला ते न्यूयॉर्कला उतरले. अमेरिकन बहाईंनी त्यांना टायटॅनिकने यायला सुचवलं होतं, पण त्यांनी साध्या जहाजाने यायचं ठरवलं, असं बहाई परंपरेत सांगितलं जातं. १४ एप्रिलला चर्च ऑफ द असेन्शनमध्ये पर्सी ग्रँट या पाद्रींनी त्यांना बोलावलं. इथेही बिशपची खुर्ची दिली गेली आणि चर्चचे नियम मोडले म्हणून ग्रँट यांच्यावर टीका झाली. पाच दिवसांनी ते बेघरांसाठी चालणाऱ्या बावरी मिशन या ख्रिस्ती संस्थेत गेले. भाषण झाल्यावर दाराशी उभे राहून त्यांनी शेकडो गरिबांच्या हातात एकेक चांदीचं नाणं ठेवलं.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती चर्चमध्ये नाही, तर सिनेगॉगमध्ये. १२ ऑक्टोबर १९१२, सॅन फ्रान्सिस्कोचं टेंपल इमानुएल. समोर ज्यू श्रोते. अब्दुल-बहांनी सांगितलं की मोझेसचं नाव आणि तोरा जगभर पोहोचली ती येशूमुळे, मग येशूला ईश्वराचा शब्द मानायला तुम्हाला काय अडचण आहे? येशूच्या नावाने शतकानुशतकं छळ सोसलेल्या समाजाला हे ऐकवणं सोपं नव्हतं आणि ऐकणं तर त्याहून नाही. ख्रिस्ती श्रोत्यांसमोर ते कुराणात येशूचा आणि मरियमचा केवढा मान आहे ते सांगायचे. ज्याच्या घरी जायचं त्याला त्याच्याच धर्माची स्तुती ऐकवायची, हा सोपा मार्ग त्यांना सहज घेता आला असता. त्यांनी शेजाऱ्याच्या धर्माची बाजू मांडली.

जानेवारी १९१३ मध्ये एडिनबर्गला ते अलेक्झांडर व्हाइट यांच्या घरी उतरले. व्हाइट हे स्कॉटलंडमधले नावाजलेले धर्मोपदेशक, विचाराने कर्मठ ख्रिस्ती. त्यांच्या पत्नी जेन १९०६ मध्ये अक्काला जाऊन आल्या होत्या. अलेक्झांडर व्हाइट बहाई झाले नाहीत. त्यांनी पाहुण्याला घर दिलं, सभा भरवल्या आणि स्वतःची श्रद्धा जिथे होती तिथेच ठेवली.

हैफा, भारतीय घोडदळ आणि शेवट

पहिल्या महायुद्धात अब्दुल-बहा हैफातच होते. आधी साठवलेलं धान्य त्यांनी उपाशी लोकांना वाटलं. ऑटोमन सेनापती जमाल पाशाने तर त्यांना क्रुसावर चढवायची धमकी दिली होती. २३ सप्टेंबर १९१८ला हैफा जिंकलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने, ज्याची आठवण दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात आहे. १९२० मध्ये ब्रिटिशांनी त्यांना सर ही पदवी दिली.

शेवटपर्यंत ते शुक्रवारी मशिदीत जात. यावरूनही टीका झाली, की हा माणूस लंडनमध्ये एक आणि हैफात दुसरा. हैफातल्या मुसलमानांना मात्र ते आपलेच वाटायचे. ख्रिस्ती आणि ज्यू शेजाऱ्यांचीही तीच भावना होती.

२८ नोव्हेंबर १९२१च्या पहाटे ते गेले. दुसऱ्या दिवशी हजारोंच्या गर्दीत शवपेटी खांद्यावरून कार्मेलवर नेली गेली. ब्रिटिश हायकमिशनर हर्बर्ट सॅम्युएल, जे स्वतः ज्यू होते, पायी चालले. मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू वक्त्यांनी एकामागून एक श्रद्धांजली वाहिली. बाबच्या समाधीच्याच इमारतीत त्यांना दफन करण्यात आलं.

टेंपलर आता हैफात नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी त्यांतल्या अनेकांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. त्यांची दगडी घरं आणि दारांवरची जर्मन अक्षरं मात्र अजून आहेत. त्या रस्त्यावर उभं राहून सरळ वर पाहिलं, की डोंगरावर बाबच्या समाधीचा सोनेरी घुमट दिसतो.